नैराश्याचे जीवशास्त्र आणि विदर्भात मागे उरलेली मुले

दोन सोपी उत्तरे

विदर्भात नैराश्याची चर्चा निघाली की ती ठरलेल्या दोन वाटांनी जाते. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांत मानसोपचार विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना आजाराविषयी जे उमगलेले असते, त्याचा सारांश ‘डोक्यातले केमिकल कमी झाले, गोळ्यांनी भरून निघेल’ एवढाच असतो. दुसरीकडे यवतमाळ, अमरावती, वर्धा या जिल्ह्यांत शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर जे वाद झडतात, त्यांत ‘माणूस कर्जाने गेला, आजाराने नव्हे’ असे ठासून सांगितले जाते. पहिल्या उत्तरामागे रुग्णावरचा वेडेपणाचा शिक्का पुसला जावा ही सदिच्छा असते आणि दुसऱ्यामागे शासनाला जबाबदारी झटकता येऊ नये ही रास्त काळजी असते. तरीही दोन्ही उत्तरे उथळ आहेत, कारण शरीर आणि परिस्थिती ही दोन वेगळी खाती असून नैराश्याची नोंद त्यांपैकी एकाच खात्यात करावी लागते, हे गृहीत दोन्ही पक्षांनी न तपासताच स्वीकारलेले आहे.

बालपणी सोसलेल्या आघातांवर गेल्या तीसेक वर्षांत जे जीवशास्त्रीय संशोधन झाले, त्याने हे गृहीतच मोडीत काढले आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. मूल ज्या घरात, ज्या धास्तीत आणि ज्या मायेत वाढते, त्यानुसार ताणाला तोंड देणारी त्याच्या शरीरातील यंत्रणा घडत जाते. पुढे प्रौढपणी येणारे कर्ज, नापिकी किंवा अपमान हे सगळे त्या घडलेल्या यंत्रणेवर येऊन आदळते. हे मान्य केले तर विदर्भात विचारण्याजोगा मुख्य प्रश्न बदलतो. गेलेल्या माणसाचे खरे कारण आजार होते की कर्ज, हा वाद मागे पडतो आणि त्याच्या घरात उरलेल्या मुलांच्या शरीर-मनावर पुढील वीस वर्षांत काय परिणाम होणार आहे, हा प्रश्न पुढे येतो.

येथे नैराश्य हा शब्द नेहमीच्या उदासीसाठी वापरलेला नाही. सलग दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन कशातच न लागणे किंवा सतत उदास वाटणे, आणि त्यासोबत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता व स्वतःविषयीचा आदर यांची घसरण होऊन रोजचे काम अडणे, या वैद्यकीय अवस्थेसाठी तो योजलेला आहे. खेड्यात याच अवस्थेला ‘टेन्शन’ म्हणतात, आणि बहुतेकदा ते डोकेदुखी, अंगदुखी किंवा झोप उडाल्याच्या तक्रारीतूनच डॉक्टरांपर्यंत पोहोचते.

पहिला टप्पा : ‘केमिकल कमी झाले’ हे आले कुठून

सेरोटोनिन हे मेंदूतील एका पेशीकडून दुसऱ्या पेशीकडे संदेश नेणारे रसायन आहे. त्याच्या कमतरतेने नैराश्य येते, ही कल्पना रुग्णांच्या मेंदूत तशी कमतरता आढळल्यावर मांडली गेली, असा सर्वसाधारण समज असला तरी घडले ते उलट्या क्रमाने. या कथेचा एक धागा मुंबईत आहे. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या भारतीय वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील परिणाम १९४९ मध्ये ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात असे डॉक्टरांच्या ध्यानात आले आणि रिसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिनसारख्या संदेशवाहक रसायनांचे साठे रिते होतात, हेही लवकरच कळले. त्याच सुमारास न्यू यॉर्कमधील एका क्षयरोग रुग्णालयात आयप्रोनियाझिड हे औषध दिलेले रुग्ण अनपेक्षितपणे टवटवीत झाले. ते औषध याच रसायनांचा नाश थांबवते, असे पुढे आढळले. या दोन निरीक्षणांना जोडून १९६५ नंतर रासायनिक कमतरतेचा सिद्धान्त उभा राहिला आणि १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला परवानगी मिळाल्यावर तो औषधांच्या जाहिरातींतून घरोघर पोहोचला.

म्हणजे औषधाच्या परिणामावरून आजाराच्या कारणाचे अनुमान काढले गेले. हे अनुमान तर्काला धरून नव्हते आणि अनुभवालाही पटणारे नव्हते. औषध घेतल्यावर काही तासांतच सेरोटोनिनच्या व्यवहारात फरक पडतो, पण रुग्णाचे मन हलके व्हायला दोन ते सहा आठवडे लागतात. कमतरता भरून काढणे एवढाच प्रश्न असता तर हा विलंब कशासाठी झाला असता? रिसर्पिनने नैराश्य येते हा पुरावाही नंतरच्या फेरतपासणीत कच्चा ठरला. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी अनेक दशकांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नैराश्यग्रस्तांत सेरोटोनिन कमी असते याला सातत्याने टिकणारा आधार मिळाला नाही.

यावरून गोळ्या निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे मात्र तितकेच चुकीचे आणि शिवाय धोक्याचे ठरेल. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्ण यांची माहिती एकत्र तपासली गेली, आणि नैराश्यावरील २१ औषधांपैकी प्रत्येक औषध बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरले. सरसपणाचे प्रमाण सरासरीने माफक होते, एवढेच. चालू असलेली गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करण्याचे समर्थन या संशोधनात कुठेही नाही. औषध उपयोगी आहे, पण ते का उपयोगी आहे याचे लोकप्रिय स्पष्टीकरण चुकले आहे, एवढाच या टप्प्याचा निष्कर्ष.

दुसरा टप्पा : नैराश्य हा सिकलसेलसारखा आजार नाही

रसायनाचा सिद्धान्त ढासळला की बोट जनुकांकडे वळते. ‘त्यांच्या घरातच आहे’ हे वाक्य सोयरिकीच्या बोलणीत किती घरे बाद करून टाकते, हे विदर्भाला सांगायला नको. पण जनुकीय आजार म्हणजे नेमके काय, हेही विदर्भाला सिकलसेलमुळे इतरांपेक्षा जवळून माहीत आहे. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन घडवणाऱ्या एका जनुकात एकच बदल असतो, रक्त तपासून तो पकडता येतो, आणि आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक, असे गणित मांडता येते.

नैराश्याचे असे कोणतेही गणित मांडता येत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून लोकसमूहातील नैराश्याच्या फरकांपैकी सुमारे ३७ टक्के वाटा अनुवंशाचा मानला जातो. हा आकडा लोकसमूहाचा असतो, एखाद्या माणसाचा आजार ३७ टक्के जनुकांमुळे झाला असा त्याचा अर्थ नसतो. २००३ मध्ये न्यूझीलंडमधील ड्युनेडिन शहरातील ८४७ तरुणांच्या अभ्यासावरून असे जाहीर झाले की सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचे आखूड रूप ज्यांच्याकडे आहे, त्यांना आयुष्यातील आघातांनंतर नैराश्य अधिक येते. जनुक आणि परिस्थिती यांचा मिलाफ दाखवणारा हा निष्कर्ष इतका मोहक होता की त्यावर पुस्तके लिहिली गेली. परंतु २००९ च्या एकत्रित विश्लेषणात आणि पुढे २०१९ मध्ये लाखो लोकांच्या माहितीवर केलेल्या तपासणीत तो टिकला नाही. जीवशास्त्रावर विश्वास ठेवायचा तो त्याच्या या स्वतःला खोडून काढण्याच्या क्षमतेमुळे. आज दिसणारे चित्र असे आहे की नैराश्याशी संबंध असलेले जनुकीय फरक शेकड्यांनी आहेत आणि प्रत्येकाचा परिणाम अतिशय किंचित आहे. ‘नैराश्याचे जनुक’ नावाची वस्तू अस्तित्वात नाही, आणि म्हणून ‘घराण्यातच आहे’ या कारणावरून मोडलेल्या सोयरिकीला विज्ञानाचा आधारही नाही.

तिसरा टप्पा : ताणाची साखळी कशी घडते

संकट समोर आले की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग एक संप्रेरक सोडतो, म्हणजे रक्तातून निरोप नेणारे रसायन. तो निरोप मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीला मिळतो, ती दुसरे संप्रेरक रक्तात सोडते, आणि त्याच्या सांगण्यावरून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल स्रवतात. कॉर्टिसॉलमुळे रक्तातील साखर वाढते, शरीर धावायला किंवा झुंजायला सज्ज होते. या साखळीतील सर्वांत मोलाचा भाग तिचा शेवट आहे : हेच कॉर्टिसॉल पुन्हा मेंदूत जाऊन, विशेषतः स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस या भागातील ग्राहींना, म्हणजे ते ओळखून धरणाऱ्या प्रथिनांना, चिकटते आणि आता पुरे असा संदेश देऊन सगळी साखळी थांबवते. ग्राही पुरेसे असतील तर ताण येतो आणि ओसरतो. ते कमी असतील तर संकट टळल्यावरही शरीर सज्जच राहते.

अमेरिकेतील अटलांटा येथील एमरी विद्यापीठात क्रिस्टीन हाइम, चार्ल्स नेमेरॉफ आणि सहकाऱ्यांनी ४९ स्त्रियांवर केलेला व २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या साखळीचे प्रौढपणातील रूप दाखवतो. प्रत्येक स्त्रीला अनोळखी परीक्षकांसमोर उभे राहून भाषण करायचे होते आणि मग मोठ्याने तोंडी हिशेब सोडवायचे होते. त्यादरम्यान ठरावीक अंतराने तिचे रक्त घेतले जात होते. बालपणी अत्याचार सोसलेल्या आणि सध्या नैराश्यात असलेल्या स्त्रियांमध्ये पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक, असा इतिहास नसलेल्या निरोगी स्त्रियांच्या तुलनेत सहापटींहून अधिक उसळले. याहून अर्थपूर्ण गोष्ट अशी की बालपणी अत्याचार झाला होता पण नैराश्य नव्हते, अशा स्त्रियांतही हा प्रतिसाद वाढलेला आढळला, आणि नैराश्य आहे पण बालपणीचा अत्याचार नाही, अशा स्त्रियांत तो वाढलेला नव्हता. म्हणजे मोजला जात होता तो नैराश्यापेक्षाही बालपणाचा ठसा होता. आजाराचे नाव एकच असले तरी त्याखाली शरीराच्या किमान दोन भिन्न अवस्था आहेत, ही या प्रयोगाची खरी देणगी होय.

हा ठसा पेशीच्या पातळीवर कसा उमटतो, याचे उत्तर मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांच्या गटाने उंदरांच्या साह्याने शोधले. काही उंदीर-माता पिलांना वारंवार चाटतात, काही क्वचितच. पहिल्या आठवड्यात भरपूर चाटली गेलेली पिले मोठी झाल्यावर ताणातून लवकर सावरतात. पिलांची अदलाबदल करून पाहिली तेव्हा त्यांचा स्वभाव जन्मदात्या आईपेक्षा वाढवणाऱ्या आईवर अवलंबून असल्याचे दिसले. २००४ मध्ये त्यांनी कारणही दाखवले : कमी चाटल्या गेलेल्या पिलांमध्ये कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकाचे ग्राही घडवणाऱ्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट अधिक चिकटलेले असतात आणि त्यामुळे ते जनुक दबून राहते. जनुकाची मूळ रचना तीच राहते, पण त्याचा वापर बदलतो. याला अधिजनुकीय बदल म्हणतात. प्रौढ उंदरांच्या मेंदूत एक विशिष्ट रसायन सोडले असता हा बदल मागे फिरवता आला, हे त्याच प्रयोगातील तितकेच महत्त्वाचे आणि फार कमी वेळा सांगितले जाणारे निरीक्षण आहे.

माणसात मेंदूचा तुकडा काढून पाहता येत नाही. पण कॅनडातील क्वीबेकमध्ये मृत्यूनंतर जतन केलेल्या ३६ मेंदूंचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आत्महत्या केलेल्यांपैकी ज्यांच्यावर बालपणी अत्याचार झाले होते, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये याच जनुकावर मिथाइल गट अधिक होते. अत्याचाराचा इतिहास नसलेल्या आत्महत्याग्रस्तांत ते तसे नव्हते. ३६ ही संख्या लहान आहे, आणि जिवंत माणसांच्या रक्तावर अशाच प्रकारे केलेले अभ्यास एकमुखाने बोलत नाहीत, हे नोंदवलेच पाहिजे. एका जनुकावर सगळा भार टाकण्याची चूक येथेही होऊ शकते. परंतु ड्युनेडिनमध्ये जन्मापासून पाहिलेल्या मुलांत बालपणीची हेळसांड आणि तिशीतील रक्तात दिसणारे दाहाचे अंश, म्हणजे जखम नसतानाही शरीर जखमेला देते तसा प्रतिसाद, यांचाही संबंध २००७ मध्ये आढळला आहे. वेगवेगळ्या देशांतील, वेगवेगळ्या पद्धतींचे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत आहेत.

पुण्याजवळच्या सहा गावांचा दाखला

आयुष्याच्या आरंभीची परिस्थिती शरीरात मुरते, ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातर्फे १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. सरासरी २.७ किलो वजनाची ही बाळे इंग्लंडमधील ३.५ किलोच्या बाळांपेक्षा बारीक होती, तरीही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण मात्र तितके कमी झालेले नव्हते, आणि पुढे येऊ शकणाऱ्या मधुमेहाची बीजे त्यांच्यात जन्मतःच दिसत होती. मधुमेह आईच्या पोटात असल्यापासून घडू लागतो, हे मराठी वाचकाने आता स्वीकारलेले आहे. त्या स्वीकारामुळे कोणी साखरेचा दर किंवा गरिबी हे प्रश्न बाजूला सारले नाहीत. नैराश्याच्या बाबतीत मात्र शरीराचे नाव घेताच सामाजिक प्रश्न नाकारला जातो अशी भीती वाटते. ही दुजाभावाची वागणूक आहे, आणि तिचे कारण विज्ञानापेक्षा मनाच्या आजाराविषयीच्या संकोचात अधिक सापडते.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की ही सगळी मांडणी एका आर्थिक अन्यायाला वैद्यकीय रूप देते. शेतकऱ्याला कापसाचा भाव हवा आहे आणि त्याच्या हाती गोळ्यांची पाकिटे ठेवली जात आहेत, ही टीका विदर्भात वारंवार झाली आहे व ती अस्थानी नाही. पण बालपणाच्या जीवशास्त्राचा रोख नीट पाहिला तर ते या टीकेला बळच देते. घरातील सततचा पैशाचा ताण, बापाचे दारूकडे वळणे, आईला होणारी मारहाण, सावकाराचा तगादा पोराच्या देखत होणे, हे सगळे मुलाच्या शरीरावर परिणाम करीत असेल, तर भावाच्या आणि कर्जाच्या धोरणाचा हिशेब एका हंगामापुरता उरत नाही, तो पुढच्या पिढीच्या आरोग्यापर्यंत जातो. जीवशास्त्राने धोरणकर्त्याला मोकळे सोडले नाही. त्याच्या जबाबदारीची मुदत वाढवली.

दुसरा आक्षेप नियतीवादाचा. बालपण बिघडले की आयुष्य बिघडलेच, असा संदेश या संशोधनातून जातो, आणि तो आधीच खचलेल्याला आणखी खचवतो. संदेश तसा जात असेल तर तो चुकीच्या वाचनाचा दोष आहे. बालपणी आघात सोसलेल्या बहुसंख्य लोकांना नैराश्य येत नाही. ज्यांना येते त्यांच्यात ते अधिक चिवट असते, वारंवार उलटते, असे २०१२ च्या एका मोठ्या विश्लेषणात दिसले हे खरे. त्याआधी २००३ मध्ये जुनाट नैराश्याच्या ६८१ रुग्णांवरील एका चाचणीवरून असेही वाटले होते की अशा रुग्णांना औषधापेक्षा समुपदेशनाचाच अधिक उपयोग होतो. परंतु २०२२ मध्ये अनेक चाचण्यांची माहिती एकत्र केल्यावर आढळले की बालपणीच्या आघाताचा इतिहास असलेले रुग्ण उपचार सुरू करताना अधिक आजारी असतात, तरी उपचारांचा लाभ त्यांना इतरांइतकाच होतो. म्हणून ‘हिचे मूळ लहानपणात आहे, आता काय उपयोग’ असे म्हणून कोणाला उपचारांपासून मागे ठेवणे पुराव्याच्या विरुद्ध आहे.

तिसरा आक्षेप स्मरणशक्तीविषयी आहे आणि तो संशोधकांनी स्वतःच उपस्थित केला आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथे व्हिन्सेंट फेलिटी व रॉबर्ट अँडा यांनी हजारो प्रौढांना बालपणातील प्रतिकूल अनुभव विचारले, तेव्हा असे चार किंवा अधिक अनुभव सांगणाऱ्यांत नैराश्याचा आणि आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका अनेक पटींनी जास्त आढळला, आणि अनुभवांची संख्या वाढेल तसा धोका चढत गेला. मात्र ही सगळी माहिती आठवणींवर आधारलेली होती. लहानपणी झालेल्या नोंदी आणि मोठेपणी सांगितलेल्या आठवणी यांचा मेळ फार कमी बसतो, हे २०१९ मध्ये स्पष्ट झाले. आणि २०२० मधील एका अभ्यासाने दाखवले की न्यायालयात अत्याचाराची नोंद आहे पण व्यक्ती तो आठवत नाही, अशांपेक्षा जी व्यक्ती तो आठवते आणि सांगते, तिच्यात मानसिक आजार अधिक असतात. यातून अत्याचार खोटे ठरत नाहीत. घटना आणि आजार यांच्या मध्ये घटनेचा लावलेला अर्थ, तिच्याशी जोडलेली लाज, ती कोणाजवळ बोलता आली की नाही, हे सारे येते, असे यातून कळते. शिवाय अनुभवांच्या संख्येवरून काढलेला असा गुणांक लोकसमूहाचा धोका सांगतो, एखाद्या मुलाचे भविष्य सांगत नाही. शाळेत प्रश्नावली वाटून मुलांवर ‘धोक्याचे मूल’ असे शिक्के मारणे म्हणजे या संशोधनाचा सरळ दुरुपयोग होय.

चौथा आक्षेप आईच्या बाजूने घेतला जातो. चाटणाऱ्या उंदीर-मातेची गोष्ट सांगितली की दोष पुन्हा बाईच्याच माथी येणार, ही धास्ती अगदी खरी आहे. त्याच प्रयोगशाळेत पुढे असे आढळले की भरपूर चाटणाऱ्या मातांना गाभण असताना ताण दिला तर त्यांचेही चाटणे कमी होते. आईची माया हा तिचा स्वभावगुण जेवढा, तेवढाच तिच्या परिस्थितीचाही परिणाम आहे. सकाळी कापूस वेचायला गेलेली, संध्याकाळी चुलीला लागलेली आणि रात्री दारूड्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई बाळाला किती जवळ घेऊ शकते, हा प्रश्न तिला विचारण्याचा नाही. तो तिच्या मजुरीला, तिच्या घराला आणि गावातल्या अंगणवाडीला विचारण्याचा आहे.

आमच्याही वेळी मार खाल्ला, आम्ही बिघडलो नाही, हा आक्षेप फारसे उत्तर मागत नाही. जे टिकले तेच हे सांगायला उपस्थित असतात. २०२२ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदवल्या, देशातील कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. त्यांतील १,७६४ विद्यार्थी होते.

फायलीत नसलेला रकाना

शेतकऱ्याने आत्महत्या केली की तलाठ्याचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा, बँकेचा किंवा सोसायटीचा थकबाकीचा दाखला असे कागद गोळा होतात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरवते. सातबाऱ्यावर नाव होते का, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे होते का, वसुलीचा तगादा होता का, यांवर निर्णय होतो. पात्र ठरलेल्या कुटुंबाला २००६ च्या निर्णयानुसार १ लाख रुपये मिळतात : ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. त्याच वर्षी केंद्र शासनाने अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्याचा भर व्याजमाफी, सिंचन, बियाणे यांवर होता. या सगळ्यात एका मृत्यूला एकच कारण असते आणि ते कागदावर सिद्ध करता येते, ही समजूत गृहीत धरलेली आहे. ‘केमिकल कमी झाले’ या स्पष्टीकरणातील चूक आणि ‘पात्र-अपात्र’ या निवाड्यातील चूक एकाच जातीची आहे.

या फायलीत मुलांची वये असली तरी मुलांचे काय झाले याचा रकाना नसतो. स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदींवर आधारलेल्या २०१० च्या अभ्यासात, अठरा वर्षांचे होण्याआधी आई किंवा वडील आत्महत्येने गेले अशा मुलांत पुढे आत्महत्येचे प्रमाण, आई-वडील हयात असलेल्या मुलांच्या तिप्पट आढळले. अठरानंतर हे दुःख वाट्याला आलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. तिप्पट असूनही प्रत्यक्ष धोका थोड्याच मुलांच्या बाबतीत खरा ठरतो. पण वयाचा हा उंबरठा लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या घराला ‘अपात्र’ म्हणून परत पाठवले जाते, त्या घरातील सहा वर्षांच्या मुलीची गरज ‘पात्र’ घरातील मुलीपेक्षा तसूभरही कमी नसते.

काय करता येते, याचे पुरावे हाताशी आहेत. रोमानियातील बुखारेस्ट येथे २००१ पासून अनाथालयांतील १३६ लहान मुलांचा अभ्यास झाला. त्यांतील निम्मी मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून पालक-कुटुंबांत ठेवली गेली. दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्या मुलांचे जिव्हाळ्याचे नाते आणि ताणाला दिला जाणारा शारीरिक प्रतिसाद, दोन्ही संस्थेत राहिलेल्यांपेक्षा अधिक निरोगी झाले. महाराष्ट्रात बालसंगोपन योजनेमागे हेच तत्त्व आहे : मूल संस्थेत न टाकता घरात, आजी-मामाकडे किंवा एकट्या आईजवळ राहावे आणि त्यासाठी दरमहा मदत मिळावी. २०२३ मध्ये ही रक्कम ११०० वरून २२५० रुपये झाली. ती आत्महत्याग्रस्त घरातील प्रत्येक मुलाला, पात्रतेच्या निवाड्याशी न जोडता, पहिल्याच महिन्यापासून मिळावी, ही मागणी भावनेची म्हणून बाजूला सारता येणार नाही. तिच्यामागे मेंदूविज्ञान उभे आहे.

मोठ्यांच्या उपचारांसाठीही नागपूरच्या १८६४ पासून चालत आलेल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या फाटकापर्यंत येण्याची गरज प्रत्येकाला नसते. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांत पुन्हा रोजच्या कामांत व माणसांत गुंतवत नेले, आणि तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण सावरले; केवळ नेहमीचा उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या साह्याने हेच काम केले, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. कापसाचा भाव त्यामुळे बदलला नाही, पण विदर्भातला माणूस मनाच्या दुखण्यासाठी मदत घेतच नाही, हा समज मात्र खोटा ठरला.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवून बालमृत्यू कमी करून दाखवले, आणि पुढे त्याच धर्तीवर आशा कार्यकर्ती देशभर घरोघर जाऊ लागली. दवाखान्यातील बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांत तिच्या सहा भेटी ठरलेल्या आहेत आणि त्यानंतर तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच. २००६ मध्ये बाप गमावलेला आठ वर्षांचा मुलगा आज सातबाऱ्यावर नाव लागलेला, कदाचित नुकताच बाप झालेला शेतकरी आहे. त्याच्या घरी बाळाचे वजन करायला आशा जाणारच आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन लागले का आणि सतत उदास वाटले का, हे दोन प्रश्न बाळाच्या आईला आणि बापालाही त्याच भेटीत विचारावेत, उत्तर होकारार्थी आले तर पुढे कोणाकडे पाठवायचे हे तिला शिकवावे, आणि या जादा कामाचे मानधन तिला द्यावे. बाळाच्या वजनासाठी तिच्या नोंदवहीत जसा रकाना आहे, तसा या दोन उत्तरांसाठीही हवा, आणि त्या नोंदी तालुक्याला पाठवून विसरल्या न जाता पंधरा-वीस वर्षे सांभाळल्या जाव्यात. पुण्याजवळच्या सहा गावांत तीन दशके हे झाले आहे. यवतमाळ किंवा वर्धा जिल्ह्यातील गावांत ते न होण्याला शास्त्रीय अडचण कोणतीच नाही.